चार खोल्या, एक क्लास : द्राक्ष प्रीकूलिंग प्रणालीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सातपूर

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसची तापमान नोंदणी प्रणाली आजपासून आमच्याकडे आली. आधीच्या पुरवठादाराने काम अर्ध्यावर सोडलं, पण कोड सगळा मिळाला. चार प्रीकूलिंग खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत हवेचं तापमान, मण्यात टोचलेल्या प्रोबचं तापमान आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर आहेत. सगळे एकाच आरएस-४८५ तारेवर (अनेक उपकरणं जोडता येणारी दळणवळणाची तार), मॉडबस आरटीयूने (त्या तारेवर बोलायच्या नियमांनी) बोलणारे. वर जावा १७ मधली सर्व्हिस चालते : खोलीमागे एक थ्रेड (प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी कामाची धारा), आणि स्क्रीनसाठी वेगळा एक.

हंगाम तोंडावर आहे. द्राक्ष वेलीवरून उतरलं की शेतातून आलेली उष्णता काही तासांतच काढून घ्यावी लागते. गराचं तापमान ४ अंशांच्या आसपास आणायचं, मग ० ते १ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवायचं. यात उशीर झाला तर देठ सुकून तपकिरी पडतो, आणि घड ताजा आहे की नाही हे देठावरूनच ओळखलं जातं. म्हणून इथली प्रत्येक नोंद खरी असली पाहिजे. माल न्हावाशेव्याहून बोटीवर चढला की मागे उरतो तो एवढाच पुरावा.

पॅकहाऊसवाल्यांच्या तक्रारी अशा : दिवसअखेरची एकूण वाचनं खोल्यांच्या नोंदींशी जुळत नाहीत. कारण नसताना भोंगा वाजतो. सर्व्हिस बंद करायला सांगितली तरी कधी कधी बंद होत नाही. अहवालात मधूनच भलतीच तारीख उमटते. आणि यातलं काहीही मागितलं तेव्हा करून दाखवता येत नाही.

मागितला तेव्हा न दिसणारा दोष बहुधा थ्रेड एकमेकांत कसे अडकतात त्यावर अवलंबून असतो. म्हणून हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी थेट क्लासच्या (ज्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्या नमुन्याच्या) वरच्या ओळींकडे गेलो. 'खोलीवाचक' नावाचा क्लास, आणि त्याच्या डोक्यावर स्टॅटिक, म्हणजे क्लासच्या मालकीच्या, व्हेरिएबलांची रांग : चालू, एकूण वाचने, शेवटचे वाचन, खालची मर्यादा, वरची मर्यादा, तारखेचा साचा, तारेची जोडणी. क्लास व्हेरिएबलची प्रत एकच असते. खोल्यांचे चार ऑब्जेक्ट केले तरी त्या सगळ्यांचं 'एकूण वाचने' एकच. पाच थ्रेड एकाच जागी लिहितात, वाचतात, आणि मध्ये कसलीही शिस्त नाही. एकेक व्हेरिएबल हातात घ्यायचं ठरवलं.

७ जानेवारी

सुरुवात मोजणीपासून, कारण ती सर्वांत सोपी दिसते. 'एकूण वाचने' मध्ये एक मिळवणं कोडमध्ये एकच ओळ आहे. पण प्रत्यक्षात तीन कामं होतात : किंमत वाचा, त्यात एक मिळवा, परत लिहा. दोन थ्रेडनी एकाच वेळी ५१२ वाचलं तर दोघंही ५१३ लिहितील, आणि एक वाचन हवेत विरेल. लॅपटॉपवर छोटी चाचणी लिहिली. चार थ्रेड, प्रत्येकाने एक लाख वेळा एक मिळवायचा. बेरीज चार लाखांच्या खाली राहत होती, आणि दर वेळी वेगळी येत होती.

ज्युनिअर सहकारी म्हणाली, "सर, व्होलाटाइल करून बघू?" करून बघितलं. बेरीज तरीही कमीच. व्होलाटाइलमुळे एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला दिसतं. वाचणं, मिळवणं आणि लिहिणं हे मात्र तिन्ही मिळून एक काम होत नाही. मध्ये दुसरा घुसायचा तो घुसतोच.

ॲटॉमिकलाँग या जावाच्या तयार प्रकाराने बेरीज बरोबर आली. तिथे तीन कामांचं एकच काम प्रोसेसरच्या पातळीवर होतं, लॉकची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाची) वाट बघावी लागत नाही. जावा ८ पासून लाँगॲडर नावाचा प्रकारही आहे. तो गर्दीच्या वेळी मोजणी अनेक कप्प्यांत वाटतो आणि शेवटी बेरीज करतो. फार थ्रेड असतील तिथे वेगवान, पण बेरीज चालू असताना कोणी मिळवत असेल तर ती नेमकी त्या क्षणाची असेलच असं नाही. आपल्याकडे थ्रेड मोजके आणि वाचनं काही सेकंदांनी एक. वेगाचा प्रश्नच नाही.

मग तिला विचारलं की ही मोजणी सामायिक हवीच कशाला. प्रत्येक खोलीची मोजणी त्या खोलीच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवू, लिहील फक्त तिचाच थ्रेड, आणि स्क्रीन चारही वाचून बेरीज दाखवेल. वाचणाऱ्याला ताजी किंमत दिसावी म्हणून खोलीची मोजणी ॲटॉमिकलाँगच ठेवली, पण क्लास व्हेरिएबल गेलं. शिवाय कुठली खोली मागे पडतेय हेही आता कळतं. आधी ते एका बेरजेत बुडालेलं होतं.

९ जानेवारी

आज 'चालू'. थ्रेड गोल फिरतो, दर फेरीला 'चालू' खरं आहे का ते बघतो. बंद करायचं तर दुसरा थ्रेड त्याला खोटं करतो. व्हेरिएबल साधं स्टॅटिक बूलियन, व्होलाटाइल नाही.

अशा कोडमध्ये किंमत दर फेरीला मेमरीतून नव्याने वाचावी, असं बंधन जावाच्या नियमांत नाही. जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच त्याचा मशीन कोड बनवणारा) बघतो की या फेरीत तर 'चालू' कोणी बदलत नाही, मग दर वेळी मेमरीतून कशाला वाचायचं? तो ते एकदाच वाचतो आणि फेरी कायमची चालू ठेवतो. एकट्या थ्रेडच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. दुसरा थ्रेड काही बदलू शकतो हे त्याला सांगायचं काम आपलं.

आधीच्या कोडमध्ये फेरीत स्लीप आहे, म्हणून बहुतेक वेळा सगळं नीट चालायचं. पण भाषेच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की स्लीपला सिंक्रोनायझेशनचा (थ्रेडांचा आपसात मेळ घालण्याचा) कसलाही अर्थ नाही. झोपून उठलेल्या थ्रेडने मेमरीतून नव्याने वाचावंच, अशी हमी नाही.

आणि दोष सापडत का नव्हता तेही आज समजलं. आधीच्या लोकांनी तो शोधायला फेरीत प्रिंटलाइन (स्क्रीनवर ओळ छापणारी आज्ञा) टाकली होती, कमेंट करून ठेवलेली ती ओळ अजून आहे. प्रिंटलाइन आतून लॉक घेते. लॉक घेतल्या-सोडल्याने थ्रेडांमध्ये दृश्यता येते, म्हणजे प्रिंट टाकली की दोष दडणार आणि काढली की परत येणार. थ्रेडांचा दोष प्रिंट टाकून शोधताना हे कायम लक्षात ठेवायला हवं. आपण बघायला गेलो की परिस्थितीच बदलते.

'चालू' व्होलाटाइल केलं. एकच थ्रेड लिहितो, बाकीचे वाचतात, आणि नवी किंमत जुन्या किमतीवर अवलंबून नाही. व्होलाटाइल नेमकं अशाच ठिकाणी पुरतं. जोडीला इंटरप्टही दिला, नाहीतर झोपलेला थ्रेड उठेपर्यंत बंद होत नाही.

संध्याकाळी ज्युनिअरला मेमरी मॉडेल (एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला केव्हा दिसेल याचे नियम) समजावलं. 'याच्या आधी ते घडलं' हा संबंध लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये वेगवेगळ्या मशीनसाठी मांडला. २००४ मध्ये जावा ५ बरोबर मेमरी मॉडेल नव्याने लिहिलं गेलं, त्याचा कणा हाच संबंध आहे. व्होलाटाइलमध्ये लिहिणं हे त्यानंतर तेच व्हेरिएबल वाचण्याच्या आधी घडतं, आणि लिहिणाऱ्याने त्यापूर्वी केलेलं सगळं वाचणाऱ्याला दिसतं. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि खरी ताकद त्यातच आहे.

१३ जानेवारी, पिंपळगाव

सकाळी पॅकहाऊसवर. गारठा भरपूर, निफाड पट्ट्यात या दिवसांत पारा किती उतरतो ते इथल्या बागाईतदाराला सांगायला नको. सुपरवायझर भाऊंनी भोंग्याची गोष्ट सविस्तर सांगितली : "साहेब, माल भरून झाला की मी स्क्रीनवरून मोड बदलतो. तेव्हाच वाजतो बघा. दर वेळी नाही, पण वाजला की तेव्हाच."

या 'तेव्हाच' मध्ये सगळं उत्तर होतं. माल भरताना दारं उघडी असतात म्हणून भरणीच्या मोडमध्ये मर्यादा २ ते १२ अंश. साठवणीच्या मोडमध्ये उणे ०.५ ते १.५. बदलताना कोड आधी वरची मर्यादा लिहितो, मग खालची. या दोन ओळींच्या मध्ये एखाद्या खोलीच्या थ्रेडने वाचलं तर त्याला खालची मर्यादा २ आणि वरची १.५ दिसते. अशा जोडीत जगातलं कुठलंच तापमान बसत नाही. भोंगा वाजणारच.

क्रम उलटा केला तर हा बदल सुटतो आणि साठवणीकडून भरणीकडे जाताना तोच घोळ होतो. दोन्ही व्होलाटाइल केल्या तरी उपयोग नाही, प्रत्येक एकेकटी ताजी दिसेल, जोडी मात्र फुटकीच राहील. त्यात या मर्यादा साध्या डबल आहेत. व्होलाटाइल नसलेली ६४ बिटांची किंमत दोन तुकड्यांत लिहायची मुभाही नियम देतात. आजच्या ६४ बिटी मशीनवर सहसा तसं होत नाही, पण त्यावर विसंबायचं कारण नाही.

कोणतं व्हेरिएबल सुरक्षित आहे असं विचारत बसलं की हा दोष दिसतच नाही, कारण सुटी दोन्ही व्हेरिएबलं निर्दोष आहेत. विचारायचं ते असं : या डेटाबद्दल कोणतं विधान सतत खरं राहिलं पाहिजे? इथे ते विधान आहे 'खालची मर्यादा वरचीपेक्षा लहान, आणि दोन्ही एकाच मोडच्या'. हे विधान दोन व्हेरिएबलांचं मिळून आहे, म्हणून संरक्षणही दोघांना मिळूनच द्यायला हवं. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. क्लासमधली प्रत्येक स्टॅटिक ओळ मी आता याच प्रश्नाने तपासतोय.

तिथेच बसून बदल केला. 'मर्यादा' नावाचा रेकॉर्ड : खालची, वरची, मोड, कोणी बदलली, केव्हा बदलली. एकदा तयार झाला की आतलं काही बदलत नाही. क्लासमध्ये एकच स्टॅटिक व्होलाटाइल संदर्भ, तो चालू मर्यादेकडे बोट दाखवतो. मोड बदलायचा तर नवा रेकॉर्ड पूर्ण तयार करायचा आणि मग एका झटक्यात संदर्भ फिरवायचा. वाचणाऱ्याला जुनी जोडी दिसेल किंवा नवी, मधली कधीच नाही. लॉकही लागत नाही.

वाचणाऱ्यासाठी एक पथ्य आहे. संदर्भ एकदाच लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि तपासणी त्यावर करायची. खालच्या मर्यादेसाठी एकदा आणि वरच्यासाठी परत एकदा स्टॅटिककडे गेलो तर दोन वेगळे रेकॉर्ड हाती येऊ शकतात, आणि जोडी पुन्हा फुटते.

भाऊंनी विचारलं, "मी इथून आणि ऑफिसातून मॅडम, दोघांनी एकदम बदललं तर?" नेमका प्रश्न. पूर्ण नवा मोड लावायचा असेल तर शेवटचा जिंकेल, ते चालतं. पण 'आहे त्यात अर्धा अंश वाढवा' असं बटणही स्क्रीनवर आहे, तिथे जुन्यावरून नवं ठरतं. म्हणून संदर्भ ॲटॉमिकरेफरन्समध्ये (ॲटॉमिकलाँगसारखाच, पण संदर्भासाठी) ठेवला आणि बदल त्याच्या अपडेट पद्धतीने (मेथडने). मध्ये कोणी बदललं तर ती नव्या किमतीवरून पुन्हा हिशोब करते.

१५ जानेवारी

तारखेचा साचा. स्टॅटिक फायनल सिंपलडेटफॉर्मॅट, सगळे थ्रेड तोच वापरतात. फायनल बघून माणूस निश्चिंत होतो, पण फायनल म्हणजे संदर्भ बदलणार नाही एवढंच. या साच्याच्या पोटात एक कॅलेंडर आहे आणि तारीख छापताना तो त्यातच खाडाखोड करतो. दोन थ्रेड एकदम शिरले की एकाची तारीख दुसऱ्याच्या नोंदीवर. जावा ८ पासूनचा डेटटाइमफॉर्मॅटर बदलत नाही, म्हणून तो स्टॅटिक ठेवायला हरकत नाही. तो घातला, काम संपलं.

१८ जानेवारी

'शेवटचे वाचन' हा स्टॅटिक हॅशमॅप (की देऊन किंमत शोधायचा तक्ता), इथे की म्हणजे खोलीचा क्रमांक आणि किंमत म्हणजे तिचं ताजं वाचन. यात लिहिणाऱ्या पद्धतीवर सिंक्रोनाइज्ड (लॉक घेऊनच आत जा, असं सांगणारा शब्द) लिहिलेलं आहे. म्हणजे कोणीतरी धोका ओळखला होता, उपायही केला होता. तरी तो लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे प्रत्येक जावावाल्याला माहीत असायला हवं.

ऑब्जेक्टच्या साध्या पद्धतीवर सिंक्रोनाइज्ड लिहिलं की लॉक लागतं ते त्या ऑब्जेक्टचं. खोल्यांचे ऑब्जेक्ट चार, म्हणून लॉकही चार. पहिल्या खोलीचा थ्रेड पहिलं लॉक घेतो, दुसरीचा दुसरं, आणि दोघंही एकाच मॅपमध्ये एकदम शिरतात. फड पद्धतीत (गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायच्या जुन्या सिंचन पद्धतीत) पाटाचं पाणी एकच असतं आणि पाळी ठरवणारा पाटकरीही एकच. प्रत्येकाने आपापल्या वहीत आपली पाळी लिहून घेतली तर वह्या चार होतील, पाणी तेवढंच राहील. डेटा क्लासचा असेल तर लॉकही क्लासच्याच पातळीवर एक हवं.

पद्धत स्टॅटिक केली तर लॉक त्या क्लासच्या ऑब्जेक्टचं लागतं, ते एकच असतं, प्रश्न सुटतो. पण हे लॉक उघड्यावर आहे. दुसरा कोणताही कोड क्लासचं नाव घेऊन तेच लॉक धरून बसू शकतो. म्हणून लॉक हवंच असेल तर क्लासमध्ये खाजगी, स्टॅटिक, फायनल असा एक रिकामा ऑब्जेक्ट ठेवायचा, आणि त्याच्या शेजारी कमेंटमध्ये लिहायचं की हे कशाचं रक्षण करतं. ते लिहिलेलं नसलं की पुढचा माणूस मॅपला हात घालतो आणि लॉक विसरतो. वाचतानाही तेच लॉक हवं. फक्त लिहिताना लॉक घेऊन भागत नाही, स्क्रीनचा थ्रेड तर नुसता वाचणाराच आहे.

या मॅपसाठी मात्र कॉन्करंटहॅशमॅप (अनेक थ्रेडांसाठीच बनवलेला मॅप) घेतला. साधा हॅशमॅप अनेक थ्रेडनी एकदम वाढवला तर नोंदी हरवतात. जावा ८ च्या आधी तर मॅप मोठा होताना आतल्या साखळीला वळसा पडून थ्रेड कायमचा फिरत राहायचा आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर जायचा.

तरी मॅप बदलला की सगळं झालं असं नाही. दिवसाचं कमाल तापमान ठेवणाऱ्या दुसऱ्या मॅपमध्ये कोड आधी जुनं कमाल वाचतो, तुलना करतो, मग लिहितो. मॅपचं प्रत्येक काम सुटं सुरक्षित असलं तरी ही तीन कामं मिळून सुरक्षित नाहीत, कारण त्याच खोलीचं हातातल्या थर्मामीटरचं वाचन भाऊ स्क्रीनवरून भरतात. सात तारखेच्या मोजणीसारखंच हे. इथे मर्ज पद्धत वापरली. ती दोन्ही किमतींतली मोठी निवडते आणि त्या कीपुरतं सगळं एकाच कामात करते.

२१ जानेवारी

तार. आरएस-४८५ वर मॉडबस आरटीयूमध्ये मालक एकच. तो प्रश्न विचारतो, ज्याचा पत्ता असेल तो सेन्सर उत्तर देतो, मग पुढचा प्रश्न. चार थ्रेड एकाच जोडणीवर प्रश्न ओतत होते आणि उत्तरं एकमेकांत मिसळून सीआरसी (संदेश बिघडला का ते तपासणारा आकडा) चुकत होता. आधीचा कोड सीआरसी चुकला की वाचन टाकून देतो, म्हणून हे बाहेर दिसलंच नाही. मधली वाचनं फक्त गळत राहिली.

ज्युनिअरने दोन लॉक सुचवले, एक तारेचं आणि एक भोंग्याच्या स्थितीचं. कागदावर काढून बघितलं. भोंगाही त्याच तारेवर आहे. वाचणारा तारेचं लॉक धरून भोंग्याचं मागेल, भोंगा वाजवणारा भोंग्याचं धरून तारेचं मागेल, आणि दोघं एकमेकांकडे बघत थांबतील. सगळीकडे लॉक एकाच क्रमाने घ्यायचे असा नियम केला तर डेडलॉक टळतो, पण तो नियम पाळतोय का हे कंपायलर तपासत नाही. शिवाय सेन्सरचं उत्तर येईपर्यंत लॉक धरून बसायचं म्हणजे एक सेन्सर मेला की बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत.

म्हणून तार एकाच थ्रेडच्या ताब्यात दिली. बाकीचे आपली मागणी ब्लॉकिंग क्यूमध्ये (थ्रेडांसाठी सुरक्षित अशा रांगेत) टाकतात, तो एकेक करून तारेवर विचारतो आणि उत्तर परत देतो. भोंग्याच्या मागणीला क्यूमध्ये अग्रक्रम. जोडणी हे आता क्लास व्हेरिएबल नाहीच, त्या थ्रेडच्या आतलं साधं लोकल आहे. जे एकालाच दिसतं त्याला लॉक लागत नाही.

जाता जाता जोडणी 'पहिल्यांदा लागेल तेव्हा तयार करा' हा कोडही काढून टाकला. दोनदा तपासून मध्ये लॉक घ्यायची ती जुनी पद्धत होती, तीही व्होलाटाइलशिवाय. अर्धवट बांधलेला ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. खरंच उशिरा तयार करायचं असेल तर आतल्या एका छोट्या स्टॅटिक क्लासमध्ये ठेवावं. क्लास सुरू करताना लॉक घ्यायची जबाबदारी जेव्हीएमची (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेची) आहे, आणि ती तो चोख पाळतो.

२४ जानेवारी

अहवालाची स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे, ती सहकाऱ्याने तपासायला दिली. "पायथनमध्ये जीआयएल आहे ना, मग कशाला काळजी?" असं तो म्हणाला. जीआयएल हे पायथनचं एक मोठं लॉक. ते एका वेळी एकच थ्रेड पायथनचा बाइटकोड (ओळींपासून बनलेल्या छोट्या आज्ञा) चालवू देतं, पण 'एक मिळवा' ही ओळ अनेक बाइटकोडांची असते आणि मध्ये थ्रेड बदलणार नाही अशी हमी भाषा देत नाही. त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये जीआयएलशिवाय चालणारी प्रायोगिक आवृत्तीही आहे. पायथनच्या थ्रेडिंग मॉड्यूलमधलं लॉक विथ या शब्दाने घ्यायचं आणि त्याच्या आत बदल करायचा, एवढं सरळ आहे.

त्याच्या स्क्रिप्टमधला दोष वेगळाच निघाला. क्लासवर 'एकूण' आहे, पण पद्धतीत सेल्फ (म्हणजे तो एक ऑब्जेक्ट) लावून त्यात एक मिळवलाय. पायथन क्लासचं 'एकूण' वाचतो, एक मिळवतो आणि त्याच नावाचं नवं व्हेरिएबल त्या ऑब्जेक्टवर तयार करतो. क्लासचं 'एकूण' जागच्या जागी शून्य. क्लासवर लिस्ट असेल आणि सेल्फमधून अपेंड केलं तर मात्र ती सगळ्या ऑब्जेक्टांची एकच लिस्ट असते. सामायिक व्हावं असं वाटलं ते झालं नाही, आणि नको होतं ते झालं. क्लासचं नाव घेऊनच क्लास व्हेरिएबल बदलायचं असा नियम स्क्रिप्टच्या वर लिहून ठेवला.

३० जानेवारी, पिंपळगाव

नवी सर्व्हिस चारही खोल्यांवर सुरू. मोड पुन्हा पुन्हा बदलून बघितला, भोंगा गप्प राहिला. मग एका प्रोबला हातात धरून गरम केलं, तेव्हा लगेच वाजला. खोल्यांची मोजणी आणि अहवाल जुळले. नुसतं चाललं म्हणून थ्रेडांचा कोड बरोबर ठरत नाही, म्हणून मर्यादा आणि कमाल तापमान या दोन्हींसाठी ओपनजेडीकेच्या (जावाच्या मुक्त स्रोत प्रकल्पाच्या) जेसीस्ट्रेसमध्ये चाचण्या लिहायला घेतल्या आहेत. ते साधन दोन थ्रेड मुद्दाम एकमेकांवर आदळवतं आणि कुठले कुठले निकाल दिसले त्याचा तक्ता देतं. जुनी दोन सुट्या व्हेरिएबलांची जोडी त्यात घातली तेव्हा 'खालची २, वरची १.५' ही ओळ तक्त्यात दिसली. ज्युनिअरने ती छापून टेबलासमोर लावली आहे.

'खोलीवाचक' मध्ये आता उरलेली स्टॅटिक : 'चालू', मर्यादेचा संदर्भ, दोन कॉन्करंट मॅप, तारखेचा न बदलणारा साचा. प्रत्येकाच्या वर एक ओळ कमेंट, कोण लिहितं, कोण वाचतं, काय खरं राहिलं पाहिजे.

बाकी : क्यू भरली तर काय करायचं ते ठरवणे (जुनी मागणी टाकायची, भोंग्याची कधीच नाही). कमाल तापमानाचा मॅप मध्यरात्री रिकामा होतो, त्या क्षणी आलेलं वाचन कोणत्या दिवसात धरायचं ते भाऊंना विचारणे. कीमध्ये तारीखच घातली तर रिकामा करायची गरज उरणार नाही असं वाटतं. सोमवारी आधी हेच.